सकाळी टकटक, दहा मिनिटांनी गायब

प्रश्न: माझी २००५ची पेट्रोल गाडी, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. रात्रभर उभी राहिली की सकाळी टकटक करते, ॲक्सिलरेटर दाबला की जास्तच. सोसायटीतून हायवेला लागेपर्यंत आवाज बंद! गॅरेजला पोचते तेव्हा तर अगदी गरीब गाय. मिस्त्रींनी टॅपेट (इंजिनाच्या झडपा उघडणारे भाग) सेट केले, फरक शून्य. ऑइल बरोबर आहे.

उत्तर: गरम गाडी दाखवून काय उपयोग? रात्री गॅरेजमध्येच ठेवा, सकाळी त्यांनाच चालू करू दे.

उत्तर: मला एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं, गॅस्केट (सांध्यातलं सील) गेलेलं वाटतंय. थंड असताना फटीतून धूर फटफटतो, लोखंड तापून फुगलं की फट बुजते. मॅनिफोल्ड हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) जोडतो त्या सांध्यावर काजळी आहे का बघा. नाहीतर थंड इंजिन सुरू केल्या केल्या साबणाचं पाणी शिंपडा, गळती असेल तिथे बुडबुडे येतील. हात जपा, तो भाग मिनिटभरात तापतो.

प्रश्नकर्ता: काजळी सापडली! तिसऱ्या सिलिंडरपाशी, आणि तिथला मॅनिफोल्ड आवळून धरणारा एक स्टडही (बोल्ट) तुटलाय. टॅपेटचे पैसे गेलेच. उरलेला तुकडा ड्रिल करून काढावा लागेल म्हणतात; तोवर रिक्षाने ऑफिस.