प्रतिसाद : बोन सिस्टची धमनी एकदाच बंद का करत नाहीत?

त्रिकास्थीतल्या (कण्याच्या तळाच्या हाडातल्या) एन्युरिझ्मल बोन सिस्टला, म्हणजे हाडातल्या रक्ताने भरलेल्या गाठीला, रक्त पुरवणारी धमनी कॉइल (धातूची बारीक गुंडाळी) टाकून एकदाच का बंद करत नाहीत, असं वर विचारलंय. कॉइल मुख्य वाटच बुजवते. मग आजूबाजूच्या बारीक धमन्या गाठीला पोसू लागतात आणि पुढच्या खेपेला कॅथेटर (धमनीतून सरकवायची बारीक नळी) न्यायला जागा उरत नाही. म्हणून मायक्रोकॅथेटर गाठीच्या अगदी जवळ नेऊन साधारण ३०० ते ५०० मायक्रॉनचे पीव्हीए (एक प्रकारचं प्लास्टिक) कण किंवा ग्लू (वैद्यकीय गोंद) सोडतात. यालाच एम्बोलायझेशन म्हणतात. फार बारीक कण पुढे सरकून त्वचेचा, मज्जातंतूंचा रक्तपुरवठा तोडू शकतात. ग्लू लिपिओडॉल या तेलकट द्रवात कालवतात, म्हणजे तो एक्स-रेवर दिसतो आणि जरा सावकाश आळतो. त्याआधी कॅथेटर ५ टक्के डेक्स्ट्रोजने धुवायचा. सलाइन वापरलं तर ग्लू नळीतच घट्ट होतो.

एका बैठकीत काम क्वचितच भागतं. काही आठवड्यांनी पुन्हा अँजिओ करून नव्या फांद्या बघाव्या लागतात. नुसता आकार बघून निराश होऊ नका. दुखणं कमी होणं आणि सीटीवर कडेने हाड धरू लागणं या खऱ्या खुणा. नंतरचे दोन-चार दिवस ताप, ठणका अपेक्षितच असतो, पण पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर तडक दवाखाना गाठा.

गाठ मणक्यात असेल तर आधी मज्जारज्जूला जाणारी अ‍ॅडमकिएविझ धमनी शोधायची. ती त्याच फांदीवरून निघत असेल तर तिथे एम्बोलायझेशन नाही, विषय संपला.

आणि बायोप्सी आधी! टेलँजिएक्टॅटिक ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर एमआरआयवर हुबेहूब असाच दिसू शकतो.