ताबा उठल्यावर मागे राहिलेल्यांना आरोपी करायचं का?

नौपाडाकर
११ नोव्हेंबर २०२२ ला युक्रेनचं सैन्य आपल्याच खेरसोन शहरात परत शिरलं, तेव्हा लोक झेंडे घेऊन रस्त्यावर रडत होते. ते सगळ्यांनी पाहिलं, पुढचं फार थोड्यांनी. आठ महिने रशियाच्या ताब्यात असताना पाण्याचा पंप चालवणारा माणूस, शाळा उघडी ठेवणारी बाई, यांचं काय करायचं? मार्च २०२२ मध्ये युक्रेनने शत्रूशी हातमिळवणी हा वेगळा गुन्हा ठरवला. शाळेत रशियाचा अभ्यासक्रम राबवणंही त्यात बसतं. माझं म्हणणं असं की, छळ करणाऱ्याला आणि नावं पुरवणाऱ्याला सोडू नका, पण गाव जगवणाऱ्याला कोर्टात खेचू नका. नाहीतर जमीन परत येईल, माणसं येणार नाहीत.

ऐरोलीकर
काका, अजिबात पटत नाही. पंपवाला आणि शिक्षक एका रांगेत कसे? पाणी सगळ्यांनाच लागतं. ‘तुमचा देश वेगळा नव्हताच’ हे पोरांच्या डोक्यात भरणं हे ताबा घेणाऱ्याचंच काम झालं. कित्येक शिक्षकांनी नकार दिला, जीव धोक्यात घालून चोरून ऑनलाइन वर्ग घेतले. उद्या शेजारच्या वर्गात तोच माणूस शिकवताना दिसला, तर त्यांनी काय समजायचं?

नौपाडाकर
वर्गातून काढा, मान्य. तुरुंग कशाला? क्रोएशियाचा पूर्व स्लाव्होनिया बघ, तो १९९१ पासून सर्ब बंडखोरांच्या ताब्यात होता. १९९५ चा क्रोएशिया आणि तिथल्या सर्बांमधला एर्दुत करार, मग दोन वर्षं संयुक्त राष्ट्रांचा कारभार, आणि १५ जानेवारी १९९८ ला तो भाग गोळीबाराविना क्रोएशियाकडे आला. बंडात होता एवढ्यावरून खटला नाही, युद्धगुन्ह्याला मात्र माफी नाही, असा कायदा केला होता.

कोपरखैरणेकर
आणि त्याच भागातल्या वुकोवार शहराच्या बायकांना त्यातून काय मिळालं? १९९१ मध्ये सर्ब फौजांनी तिथल्या इस्पितळातून सुमारे २०० माणसं उचलून जवळच्या ओव्हचाराला नेऊन मारली. त्या युद्धातले कितीतरी बेपत्ता अजून सापडलेले नाहीत. तिथे सर्ब आणि क्रोएट मुलं आजही वेगवेगळ्या वर्गांत शिकतात. गोळीबार थांबला, एवढंच. ‘झालं गेलं विसरा’ म्हणणाऱ्याच्या घरातलं कोणी गेलेलं नसतं.

चेंदणीकर
लांब कशाला, आपलं ठाणं घ्या. दोनशे वर्षांच्या पोर्तुगीज अंमलानंतर १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ मध्ये वसई. वसईच्या शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मोकळीक दिली होती. ती माणसं इथलीच राहिली, तलावपाळीजवळ त्यांचं चर्च आहे.

ऐरोलीकर
दोनशे वर्षांत पिढ्या जन्मल्या, मेल्या. खेरसोनवर मुक्तीनंतरही नीपर नदीपलीकडून तोफा डागल्या जात राहिल्या. तिथे गावातून निशाणा कळवणारा एक माणूस पुरतो. अशा वेळी माफीची घाई कोणाला?

नौपाडाकर
निशाणा कळवणाऱ्याची बाजू मी घेतलेलीच नाही. मला काळजी युक्रेनच्या क्रायमिया द्वीपकल्पाची वाटते, तो २०१४ पासून रशियाच्या ताब्यात आहे. तिथे तेव्हा जन्मलेली मुलं आज शाळेत जातात. ताब्यातल्या प्रशासनाचा जन्मदाखला युक्रेन तसाच स्वीकारत नाही, जन्माची नोंद कोर्टातून सिद्ध करून घ्यावी लागते. त्या पोरांना तरी हेलपाटे नकोत.

ऐरोलीकर
दाखल्याला माझा विरोध नाही, लगेच द्यावा. शिक्षकावरचा खटला मात्र चाललाच पाहिजे.