वादकाला रेकॉर्डिंग कशाला शिकवायचं?

वादनाच्या पदवीत रेकॉर्डिंगचे पेपर म्हणजे नुसती भरती आणि थिअरीचं ओझंही फार, अशी तक्रार ऐकू येते. पहिलं पटलं नाही. आमच्या वर्गातला एक चांगला तयारीचा गिटारवाला रेकॉर्डिंगच्या पहिल्याच टेकला (फेरीला) लय सोडायला लागला. सरांनी रियाजावर व्याख्यान न झोडता बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून पुढे पाठवतो तो, बघायला लावला: ५१२ सॅम्पल (आवाजाची मोजमापं). ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल घेताना, एवढ्यातच जवळपास ११ मिलिसेकंद जातात. आवाज आत येताना आणि हेडफोनला परत जाताना मिळून दुप्पट. गडी स्वतःलाच उशिरा ऐकत होता! बफर ६४ वर आणला, हात ताळ्यावर आला. (मिक्सिंगला, म्हणजे नंतर सगळे आवाज जुळवताना, तो परत वाढवायचा, नाहीतर प्लगइनच्या, म्हणजे इफेक्ट देणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरच्या, ओझ्याने आवाज तडतडतो.) थिअरीबद्दल मात्र सहमत. एकाच सत्रात ध्वनिशास्त्र, कॉपीराइट आणि स्वरलेखन कोंबलं की रियाज कधी करायचा?