द्विशिक्षकी शाळेने नव्या वर्षाची तयारी केव्हा सुरू करावी?

प्रश्न: पाटण तालुक्यातील डोंगरी वाडीवर पहिली ते चौथीची आमची द्विशिक्षकी शाळा आहे. जूनमध्ये शाळा उघडताच प्रवेश, पुस्तकवाटप आणि नियोजन एकदमच अंगावर येते. अनुभवी शिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: सर, एप्रिलमध्येच सुरुवात करावी. अंगणवाडीताईंकडून दाखलपात्र मुलांची यादी घेऊन घरोघरी जावे, कारण जी आई मे महिन्यात आपल्याशी ओट्यावर बसून बोललेली असते, ती जूनच्या पहिल्या दिवशी मुलाला निर्धास्तपणे सोडून जाते. पाटणचा पाऊस लक्षात घेता कौले सुट्टीतच शाकारून घ्यावीत. गेल्या वर्षी आमच्याकडे एका कोपऱ्यातली गळती राहून गेली आणि नवी पुस्तके भिजली, त्याची हळहळ अजून वाटते.

उत्तर २: शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी किमान 200 दिवस आणि 800 अध्यापन तास भरावे लागतात. म्हणून यात्रा, सण व अतिवृष्टीचे संभाव्य दिवस आधीच वजा करून वार्षिक नियोजन करावे. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात; त्यांच्यासमोर आराखडा मोकळेपणाने मांडावा.

उत्तर ३: मी पहिली-दुसरी एकत्र शिकवते. वेळापत्रकात एका इयत्तेला थेट अध्यापन असताना उरलेल्या इयत्तेला कोणते स्वाध्याय द्यायचे, हे तासागणिक लिहून ठेवते. माझ्या मते खरी तयारी हीच आहे.