रस्ट आणि अ‍ॅक्समची सुरुवात: आधी भाषा की आधी फ्रेमवर्क?

सांगलीकर_७ यांचा प्रश्न

नमस्कार. गेली ६ वर्षे मी पीएचपीमध्ये काम करतो आणि गरजेपुरती जावास्क्रिप्टही लिहितो. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाला पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारे एक लहान वेब अ‍ॅप्लिकेशन करून द्यायचे मी कबूल केले आहे. सध्या ही नोंद लाल कापडी बांधणीच्या वहीत होते आणि घाई कोणालाच नाही, म्हणून या निमित्ताने रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकावी असे ठरवले व वेबच्या कामासाठी तिचे फ्रेमवर्क अ‍ॅक्सम निवडले.

दीड महिना झाला. ओनरशिप (डेटाची मालकी) आणि बॉरोइंग (तो डेटा तात्पुरता उसना देणे) यांची प्रकरणे वाचताना समजतात, पण स्वतः लिहायला बसलो की कंपाइलर पावलोपावली अडवतो. सध्या अडलो आहे तो असा: नवे पुस्तक नोंदवणाऱ्या फंक्शनला मी दोन आर्ग्युमेंट दिली आहेत, आधी फॉर्ममधून येणारा जेसन आणि नंतर डेटाबेसचा पूल (जोडण्यांचा साठा) असलेले स्टेट. फंक्शनमध्ये एकही चूक दाखवली जात नाही, मात्र राउट (वेब-पत्ता) फंक्शनशी जोडणाऱ्या ओळीवर ‘हँडलर हा ट्रेट (पाळायचा करार) या फंक्शनला लागू होत नाही’ अशा अर्थाची भली मोठी एरर येते आणि का लागू होत नाही ते कुठेच सांगितलेले नसते. यात दोन संध्याकाळी गेल्या. आधी नुसती भाषा पक्की करून मग फ्रेमवर्ककडे वळावे, की दोन्ही बरोबर चालवावे? आणि माझ्यासारख्याने हा रस्ता धरणेच चुकीचे आहे का?

उसनवार_खाते यांचे उत्तर

तुमची एरर आधी सोडवू. दोन आर्ग्युमेंटांची अदलाबदल करा: स्टेट आधी, जेसन शेवटी.

कारण असे की विनंतीचा मजकूर अ‍ॅक्सम एकदाच वाचू शकते. जेसन हा एक्स्ट्रॅक्टर (विनंतीतून हवा तो भाग काढून देणारा) तो मजकूर वाचून संपवतो, म्हणून त्याची जागा शेवटची असलीच पाहिजे. स्टेट, पाथ किंवा हेडर यांना मजकुराला हात लावावा लागत नाही, त्यामुळे ते आधी कुठल्याही क्रमाने चालतात. हा नियम ट्रेटमध्ये गुंफलेला असल्याने तो मोडला की कंपाइलरला एवढेच कळते की फंक्शन ‘हँडलर’च्या साच्यात बसत नाही. यापुढे अशी एरर आली की कार्गो या रस्टच्या पॅकेज-साधनाच्या फाइलमध्ये अ‍ॅक्समचे ‘मॅक्रोज’ हे फीचर चालू करा आणि फंक्शनच्या डोक्यावर ‘डीबग_हँडलर’ हा अ‍ॅट्रिब्यूट लावा. मग हाच कंपाइलर सरळ सांगतो की जेसन मजकूर संपवतो, तो शेवटी ठेवा. ही सोय पहिल्याच दिवशी सांगायला हवी, पण बहुतेक ट्यूटोरियलांत ती सापडत नाही.

आता मूळ प्रश्न. माझ्या मते तुम्ही दोन वेगवेगळ्या अडचणी एकाच ताटात वाढून घेतल्या आहेत. रस्टच्या स्वतःच्या चुका कंपाइलर फार चांगल्या समजावतो. उदाहरणार्थ, पुस्तकांच्या यादीवर थेट फॉर लूप फिरवला आणि नंतर त्याच यादीची लांबी विचारली, तर तो ई०३८२ क्रमांकाची एरर देतो, यादी नेमकी कोणत्या ओळीवर हातातून गेली ते दाखवतो आणि यादीऐवजी तिचा रेफरन्स द्या असेही सुचवतो. फ्रेमवर्कच्या चुका मात्र जेनेरिक आणि ट्रेटच्या आडून येतात, म्हणून त्या वाचता येण्यासाठी भाषेचा थोडा सराव आधी लागतो.

तेव्हा ही देवघेव आधी टर्मिनलवर चालवून पाहा. वेब नाही, असिंक (वाट न अडवता चालणारे काम) नाही, डेटाबेसही नाही. पुस्तक व सभासद असे दोन स्ट्रक्ट, एक हॅशमॅप, आणि ‘दिले’, ‘परत आले’, ‘थकले’ एवढ्या तीन आज्ञा. तुमच्या वाचनालयाची वहीच डोळ्यांपुढे ठेवा: दहा जण एकदम वाकून ती वाचू शकतात, पण लिहायची वेळ आली की वही एकाच्याच हातात हवी आणि त्या वेळी बाकीच्यांनी बाजूला व्हायला हवे. कंपाइलरमधला बॉरो चेकर हाच नियम लावतो. स्ट्रक्टच्या आत रेफरन्स ठेवण्याच्या फंदात मात्र इतक्यात पडू नका. सरळ स्ट्रिंग ठेवा, म्हणजे लाइफटाइमची (रेफरन्स किती काळ वैध आहे याची) चिन्हे सहा महिने तरी लिहावी लागणार नाहीत.

दुपारची_शिफ्ट यांचे उत्तर

वरील उत्तरातील एरर सोडवण्याचा भाग अगदी बरोबर आहे, परंतु टर्मिनलवर फार दिवस काढण्याशी मी सहमत नाही. मी स्वतः तसे केले आणि चार महिन्यांनी माझ्याकडे अठरा अर्धवट प्रोग्रॅम होते, वापरणारा एकही माणूस नव्हता. दोन आठवडे पुष्कळ झाले. वाचनालयातील माणसाला ब्राउझरमध्ये पुस्तकांची यादी दिसली की त्यांचे प्रश्न सुरू होतात आणि त्या प्रश्नांमुळे काम पुढे सरकते.

क्लोनविषयी, म्हणजे प्रत काढण्याविषयी, अपराधी वाटून घेऊ नका. एसक्यूएलएक्स या डेटाबेस-लायब्ररीचा पूल क्लोन केला म्हणजे डेटाबेसची नवी जोडणी उघडत नाही. आतल्या आर्कवरची (सामायिक मालकी मोजणाऱ्या पॉइंटरवरची) फक्त मोजणी एकाने वाढते. खरा घोटाळा होतो तो मटेक्समध्ये, म्हणजे एका वेळी एकालाच डेटा वापरू देणाऱ्या कुलपात. स्टँडर्ड लायब्ररीतल्या मटेक्सचे कुलूप हातात ठेवून मधेच अवेट केले (दुसऱ्या कामाची वाट पाहिली), तर ते फ्यूचर (अजून पूर्ण न झालेले काम) एका थ्रेडवरून दुसऱ्या थ्रेडवर नेता येत नाही आणि पुन्हा तीच ‘हँडलर’वाली एरर पुढे येते. कुलूप उघडणे, हवे ते काढून घेणे आणि कुलूप सोडणे हे सारे वेगळ्या महिरपी कंसांत उरकून घ्या, अवेट त्यानंतर करा.

दुसरे, ज्या लेखावरून शिकत आहात त्याची तारीख आधी बघा. रस्टची १.० आवृत्ती १५ मे २०१५ रोजी आली, पण असिंक-अवेट स्थिर झाले ते १.३९ मध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०१९ मध्ये. त्याआधीचे वेबविषयक लेखन आज जवळपास निरुपयोगी आहे. अ‍ॅक्सम २०२१ चे, तरी त्यातही बदल झाले. ०.७ मध्ये त्याचा जुना सर्व्हर गेला आणि ‘सर्व्ह’ हे फंक्शन आले. ०.८ पासून राउटमधला बदलता भाग अपूर्णविरामाऐवजी महिरपी कंसात लिहावा लागतो. जुन्या लेखातला राउट जसाच्या तसा उतरवला तर प्रोग्रॅम कंपाइल होतो आणि सुरू होताक्षणी पॅनिक करतो (चूक दाखवून बंद पडतो), तेव्हा नवशिक्याला वाटते आपलेच काही चुकले.

शिरोरेषा यांचे उत्तर

पुस्तकांची नावे मराठीत असणार, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. रस्टची स्ट्रिंग यूटीएफ-८ असते आणि देवनागरीतील प्रत्येक संकेत त्यात ३ बाइट घेतो. ‘पुस्तक’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर १८ येते. कॅरेक्टर मोजले तर ६, कारण उकार आणि हलन्त वेगळे धरले जातात. डोळ्यांना मात्र पु, स्त, क अशी तीनच अक्षरे दिसतात. याच शब्दाचे पहिले १० बाइट कापायला गेलात तर रस्ट पॅनिक करते, कारण दहावा बाइट हलन्ताच्या पोटात पडतो. पीएचपीतील सबस्ट्र अशा वेळी निमूटपणे कापून देते आणि पडद्यावर काळ्या शंकरपाळीतले प्रश्नचिन्ह उमटते, ते तुम्ही पाहिले असेलच. मला रस्टचा आडमुठेपणा परवडतो. यादीत लांब नावे आखूड करून दाखवायची असतील तर ते काम सीएसएसवर सोपवा. कोडमध्येच करायचे असेल तर ‘युनिकोड सेगमेंटेशन’ ही क्रेट (रस्टची लायब्ररी) वापरा.

जुनी_खोड यांचे उत्तर

एक कटू प्रश्न कोणीच विचारला नाही, तो मी विचारतो. उद्या तुम्ही नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेलात तर हे अ‍ॅप्लिकेशन सांभाळणार कोण? एवढ्या कामाला पीएचपी आणि एसक्यूएलाइट पुरेसे आहेत आणि गावात पीएचपी येणारे एखादे तरी पोर सापडेल. रस्ट अवश्य शिका, पण वाचनालयाला त्यासाठी ओलीस धरू नका.

सांगलीकर_७ यांचे उत्तर

सर्वांचे आभार. आर्ग्युमेंटांचा क्रम बदलला आणि एरर गेली. खात्री करण्यासाठी मुद्दाम क्रम पुन्हा उलटा करून वर डीबग_हँडलर लावला, तर खरोखरच एका ओळीत कारण सांगितले गेले.

जुनी_खोड यांचा मुद्दा मनाला लागला, कारण त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. रविवारी वाचनालयात जाऊन ग्रंथपालांशी बोललो. असे ठरले की वाचनालयात पीएचपीचेच अ‍ॅप्लिकेशन बसवायचे, आणि रस्टमधले मी घरच्या संगणकावर त्याच डेटाबेसच्या प्रतीवर चालवायचे. टर्मिनलसाठी दोन आठवड्यांची मुदत घातली आहे. ‘दिले’ आणि ‘परत आले’ काल चालू झाले; ‘थकले’ अडले आहे, कारण सभासदांची यादी वाचता वाचताच मी तिच्यात दंड लिहायला गेलो आणि ई०५०२ आली. वहीचे उदाहरण आठवले, म्हणून आज आधी थकलेल्यांचे क्रमांक वेगळ्या व्हेक्टरमध्ये काढून घेतो आणि मग दंड लावतो.