मदत हवी आहे: आजीची लुगडी विकायची, भाव किती लावू? (रविवारच्या आत सांगा)

आर्वीचीमी: आर्वीजवळच्या गावात आजीचं घर रिकामं करतोय. पेटीभर जुनी लुगडी निघाली. रविवारी ओसरीत चादर अंथरून विकायला मांडते, पितळी भांडी आहेतच सोबत. सगळ्यांना सरसकट २०० लावू का? सोमवारी किल्ली द्यायची आहे, लवकर सांगा.

पऱ्हाटीवाला: किती लुगडी? सुती का रेशमी? काठ कसा? विरली का धड? पेटीभर म्हणजे आम्ही काय समजावं, ताई?

आर्वीचीमी: १४. काही सुती, काही चमकतात. फोटो चढत नाहीत, हेही गच्चीवर उभी राहून टाकतेय. भाव सांगा ना.

निंबाचापाला: पिवळे डाग असतील तर लिंबू-मीठ चोळून कडक उन्हात टाका. माझ्या नवऱ्याचा सदरा असाच निघाला.

कोष्ट्याचानातू: काकू, रेशमावर लिंबू आणि ऊन! विकायला मग चिंध्याच राहतील. आर्वीताई, धुऊ नका, काठातली जर (मुलामा दिलेली तार) काळी पडली असली तरी घासू नका. काठातला एक सुटा धागा घ्या आणि नखाने खरवडा. मुलामा गेल्यावर खाली पांढरं चकाकलं तर चांदी. तांबूस दिसलं तर तांबं. पापुद्रा सोलून आला तर प्लास्टिक. शंका वाटली तर सोनाराला दाखवा, तो लगेच सांगतो.

इतवारीकर: कायले एवढी झंझट? काठ खऱ्या चांदीचा असंन तर वजनावर द्या अन् मोकळे व्हा. मी आईचे दोन शालू असेच देले.

कोष्ट्याचानातू: वजनावर म्हणजे जाळून चांदी काढायला, भाऊ. विणकराची मजुरी त्यात शून्य. धड लुगडं नेसणाऱ्याला किंवा ड्रेस शिवणाऱ्याला द्या. नऊवार म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, शिंपी खुश होतो. घडी मात्र उजेडात धरून बघा, रेशीम आधी घडीवरच फाटतं.

इतवारीकर: शिंपी आर्वीले येऊन पैसे देऊन जाईन काय? सांगून रायले मोठे!

मिलवाला_बाप्पा: सुती लुगड्यांच्या टोकाला मिलचा शिक्का दिसतो का? आमचे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केली, आता बंद पडली. भोंग्यावर घरात चहा टाकायचे. त्या भोंग्याची सर आता

पऱ्हाटीवाला: बाप्पा, भोंगा नंतर. पोरीला रविवार गाठायचा आहे.

आर्वीचीमी: शिक्का नाही. खरवडून पाहिलं: हिरव्याची जर पांढरी निघाली, जांभळ्याची तांबूस. हिरव्याच्या घडीवर बोटभर चीर आहे. आणि हो, सांगायचं राहिलं, दोन लुगडी परवाच भांडेवालीला दिली, स्टीलची बादली आली. एक जुनाट सुती होतं, दुसरं मधाच्या रंगाचं, काठाला करवतीसारखे दात.

कोष्ट्याचानातू: अगं ताई!!! ती करवती. आपल्या भंडाऱ्याकडचं टसर रेशीम. अंगाचा आणि काठाचा आडवा धागा एकमेकांत अडकवायचा, आडवा धागा नेणारे तीन धोटे फिरवायचे, तेव्हा ते दात उमटतात. बादलीला गेलं?

आर्वीचीमी: रंग मळका वाटला हो.

कोष्ट्याचानातू: टसरचा रंगच तो. उद्या भांडेवालीला शोधा, बादली परत करा, वर पैसे द्या.

पऱ्हाटीवाला: भाव माझ्याकडून: विरलेलं सुती गोधडीवालीला, ५० आलं तरी द्या. धड सुती २००. जांभळं ४०० पासून सांगा, ३०० वर सोडा. हिरवं मांडूच नका, सोनाराचं ऐकून ठरवा. आणि लुगडी भांड्यांपासून लांब ठेवा, पितळ घेणारा माणूस लुगडीही पितळेच्या भावात मागतो.

निंबाचापाला: हिरव्याची चीर मी रफू करून देते, काठाचाच धागा वापरून.

आर्वीचीमी: भांडेवाली भेटली, बाजारात होती. करवती तिने तिच्या सुनेला दिलं आहे, सून माहेरी. बादली मात्र परत घेते म्हणाली.

इतवारीकर: पेटी कशाची आहे? सागाची असंन तर मी येतो रविवारी.