फर्लो टाळायचा तर करारातलं काय सोडायचं? अमेरिकेतल्या पायलटांसाठी अनुभव धागा

मागणी कोसळली की अमेरिकेतल्या एअरलाइन्स युनियनला सांगतात, करारात सवलती द्या, नाहीतर ज्येष्ठता यादीच्या तळापासून फर्लो (परत बोलावण्याच्या हक्कासह बिनपगारी घरी बसवणं) सुरू. 2020 मध्ये युनायटेडच्या पायलटांनी सवलती मंजूर केल्या आणि 2,850 जणांचा फर्लो जून 2021 पर्यंत टळला. डेल्टात 1,700 हून अधिक जणांचा जानेवारी 2022 पर्यंत लांबला. अमेरिकन एअरलाइन्समध्ये मात्र 1 ऑक्टोबरला सुमारे 1,600 पायलट घरी बसले. वाटाघाटी, शेड्युलिंग किंवा ट्रेनिंग जवळून माहीत असणाऱ्यांनी नेमकं लिहावं, उद्या मतदान करणाऱ्याला उपयोगी पडेल असं.

कलम_सहा

आधी कायदा. एअरलाइन्सनाही लागू असलेल्या रेल्वे लेबर ॲक्टखाली मुदत सरली तरी करार संपत नाही, तो फक्त दुरुस्तीयोग्य होतो. म्हणजे कंपनी एकतर्फी पगार कापू शकत नाही आणि मुदतीआधी टेबलावर बसायला युनियन बांधील नाही. फर्लोचा अधिकार मात्र बहुतेक करारांत कंपनीकडेच असतो. 'नो फर्लो' कलम असेल तर त्याचे अपवाद वाचा. 2001 नंतर काही कंपन्यांनी फोर्स मेजर (आवाक्याबाहेरची आपत्ती) पुढे करून ते कलम बाजूला सारलं आणि प्रकरण लवादापर्यंत गेलं.

वॉर्न ॲक्टची (मोठ्या कामगार कपातीआधी सूचना देण्याचा कायदा) 60 दिवसांची नोटीस आली म्हणून घाबरून सही करू नका. जुलै 2020 मध्ये युनायटेडने 36,000 कर्मचाऱ्यांना पत्रं पाठवली, प्रत्यक्षात त्याहून खूप कमी लोक गेले. नोटिशीचा आकडा म्हणजे कमाल मर्यादा.

रिझर्व्ह_लाइन

सूट द्यायचीच असेल तर तासाच्या दराला हात लावू देऊ नका, मिनिमम गॅरंटीवर, म्हणजे कमी उडालात तरी महिन्याला ज्यांचा पगार मिळतोच त्या तासांवर, बोला. दर एकदा खाली गेला की पुढची प्रत्येक वाटाघाट त्या खालच्या आकड्यापासून सुरू होते. डेल्टाची 2020 ची तडजोड गॅरंटीचे तास 5% पर्यंत कमी करण्याचीच होती.

एक काल्पनिक गणित करून बघा. 10,000 पायलट, महिन्याची गॅरंटी 72 तास, एकूण 7,20,000 तास. 5% कापले की गॅरंटी 68.4 तास आणि वाचले 36,000 तास, म्हणजे 500 पायलटांची गॅरंटी. पण पैशात हिशोब वेगळा निघतो. फर्लो तळाच्या, सगळ्यात स्वस्त तासांवर पडतो. कपात यादीभर पसरते आणि तिच्यात वाइडबॉडी (मोठ्या, लांब पल्ल्याच्या विमानांच्या) कॅप्टनचे महागडे तासही येतात. तेवढ्याच तासांत कंपनीचे जास्त पैसे वाचतात, तेव्हा 500 हून जास्त जणांचं संरक्षण मागायला हवं. कंपनी तासांवर बोलेल, तुम्ही डॉलरवर बोला.

यातली खोच अशी की गॅरंटीपेक्षा जास्त उडणाऱ्या लाइन होल्डरला (ज्याला महिन्याचं ठरलेलं वेळापत्रक, म्हणजे लाइन, मिळते) ही कपात जाणवतही नाही. झळ बसते ती रिझर्व्हवाल्यांना (बोलावण्याची वाट पाहत राखीव बसणाऱ्यांना), आणि ते बहुधा कनिष्ठ असतात. म्हणून गॅरंटीबरोबर लाइनच्या कमाल तासांवरही मर्यादा लिहून घ्या, नाहीतर वरचे ओव्हरटाइम उचलत राहतात.

सिम_बे_चार

कंपनीला फर्लो वाटतो तितका स्वस्त पडत नाही. तळाचे गेले की वरचे खाली सरकतात: वाइडबॉडीचा फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) लहान नॅरोबॉडीवर, नॅरोबॉडीचा कॅप्टन सहवैमानिकाच्या उजव्या सीटवर. विमान बदललं की ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर, चेक, मग लाइनवर देखरेखीखाली उड्डाणं. कित्येक आठवडे माणूस पगार घेतो, पण उपयोगाचा नसतो. एका फर्लोमागे असे दोन-तीन बदल होऊ शकतात. मागणी परतली की हीच साखळी उलटी चालते आणि सिम्युलेटरचे स्लॉट तेवढेच असतात. वाटाघाटीत कंपनीकडून हा ट्रेनिंग खर्च विमानप्रकारानुसार मागून घ्या. युनियनच्या हातातलं सगळ्यात जड वजन हेच आहे.

ऐच्छिक रजा इथेच फसते. रजेवर गेले वाइडबॉडी 777 चे लोक आणि जादा माणसं नॅरोबॉडी 737 वर, तर रजा भरूनही डिस्प्लेसमेंट (दुसऱ्या विमानावर किंवा सीटवर सरकवणं) होतंच. रजेचा कोटा विमान, सीट आणि बेसनुसार ठरवा. शिवाय 90 दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाली नाहीत तर करन्सी (प्रवासी घेऊन उडण्याची चालू पात्रता) जाते. ती परत मिळवण्याचा सिम्युलेटर कंपनीच्या वेळेत आणि पगारावर, हे लिहून घ्या.

ग्रुप_इन्शुरन्स

रजेच्या प्रस्तावात चार गोष्टी तपासा: ज्येष्ठता क्रमांक, पगारश्रेणीची वर्षं, निवृत्ती खात्यातलं कंपनीचं योगदान आणि आरोग्य विमा. पहिली सहसा शाबूत राहते, बाकीच्यांत पाणी मुरतं. कंपनीचा विमा सुटला तर कोब्रा (नोकरी सुटल्यावर तोच विमा चालू ठेवू देणारा कायदा) साधारण 18 महिने मिळतो, पण हप्ता पूर्ण खर्चाच्या 102% पर्यंत आणि तोही स्वतःच्या खिशातून. अंशतः पगारी रजा विम्यासकट असेल तर कुटुंबवाले पुढे येतात, बिनविम्याच्या रजेला कोणी हात लावत नाही.

कलम_सहा

वरच्यांना अजून एक. दिवाळखोरीत त्या कायद्याच्या कलम 1113 खाली न्यायालय करार रद्द करू शकतं, ही धमकी पोकळ नसते. 2005 मध्ये युनायटेडची पेन्शन पीबीजीसीकडे (बुडालेल्या पेन्शन योजनांचा विमा देणारी सरकारी संस्था) गेली. पीबीजीसी देते त्या पेन्शनची कमाल मर्यादा वयाच्या 65 च्या आत निवृत्त होणाऱ्यांसाठी कमी असते आणि पायलटांना तेव्हा 60 ला सक्तीने निवृत्त व्हावं लागे. त्यांना दुहेरी फटका बसला. म्हणून कंपनीच्या हातातली रोकड आणि रोजचा खर्च युनियनच्या आर्थिक सल्लागाराने पाहिल्याशिवाय सूट द्यायची की नाही हे ठरवू नये.

सूट द्यायची ठरली तर स्नॅपबॅकची (कापलेलं पूर्ववत होण्याची) तारीख कॅलेंडरची हवी. 'परिस्थिती सुधारल्यावर' ही भाषा नको, ती कधीच सुधारत नाही. सरकारी मदत आली तर कपात आपोआप थांबेल हेही लिहा. डिसेंबर 2020 मध्ये वेतन-मदत परत सुरू झाली आणि फर्लो झालेल्यांना बोलावणं आलं. फर्लो-संरक्षण ज्येष्ठता क्रमांकाने बांधा, 'सध्याचे सर्व पायलट' असं मोघम नको. आणि कंपनीने संरक्षण मोडलं तर कापलेले तास मागील तारखेपासून, व्याजासह परत, तक्रार जलद लवादाकडे. मतदानाआधी हे कलम मसुद्यात सापडलं नाही तर समितीला लेखी विचारा.